पेठेतल्या ग्रंथालयाचा डेटाबेस हलवताना काय काय बिघडलं

गुरुवारी रात्री कार्यवाह काकांचा फोन आला. "अगं, पुस्तकांच्या नावांच्या जागी काहीतरी भलतंच उमटतंय. आणि तीन दिवसांत जे नवे सभासद झाले त्यांची नावं म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं. उद्या जरा येऊन जाशील का?"

ग्रंथालय पेठेतलं, जुनं. चौथीत असल्यापासून मी तिथली बालसभासद होते. आता खराडीतल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचं काम करते, म्हणून असं काही झालं की काकांना माझी आठवण येते. संग्रह ६० हजारांच्या वर, वर्गणीदार दीडेक हजार. देवघेवीचं सॉफ्टवेअर पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी पीएचपी या संगणकभाषेत लिहून दिलेलं, खाली डेटा साठवणारं मायएसक्यूएल ५.१. ते मशीन वारंवार बंद पडू लागलं तेव्हा समितीने नवं घेतलं. विसर्जनाच्या सुमारास पेठांतले रस्ते बंद असतात आणि ग्रंथालयही बंद असतं, म्हणून आदल्या संध्याकाळी एका तरुण तंत्रज्ञाकडून सगळं नव्या मशीनवर हलवून घेतलं. तिथे मायएसक्यूएल ८.० होतं. त्याने सगळ्या टेबलांतल्या नोंदी मोजल्या, जुन्या-नव्या संख्या जुळल्या, आणि तो निघून गेला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. नोंदी मोजणं हे आपण सगळेच करतो, मीही कैक वर्षं तेवढंच करत होते. पण संख्या जुळली याचा अर्थ तितक्या ओळी आल्या, एवढाच. त्या ओळींत काय आलं हे ती संख्या सांगत नाही.

आधी हात थांबवले

शुक्रवारी सकाळी गेल्यावर पहिलं काम म्हणजे नवं सॉफ्टवेअर बंद केलं. ग्रंथपाल ताईंनी कुरकुर न करता कपाटातून वही काढली आणि दिवसभर देवघेव कागदावर केली. जुनं मशीन अजून कोपऱ्यातच होतं, भंगारात गेलं नव्हतं. त्याचा सर्व्हर बंद करून डेटाची अख्खी फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतली, नव्या मशीनचीही प्रत घेतली, आणि मगच तपासायला बसले. बिघडलेल्या डेटावर दुरुस्तीची आज्ञा चालवण्याची घाई होते. ती चुकली की एकाचे दोन बिघाड होतात. इथे नेमकं तेच होऊन बसलं होतं.

पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरांवर मी विश्वास ठेवत नाही, कारण पडद्यापर्यंत येताना ती दोन-तीन वेळा भाषांतरित झालेली असतात. हेक्स हे फंक्शन लावून टेबलात खरोखर कोणते बाइट, म्हणजे संगणकाने साठवलेले आकडे, आहेत ते पाहिलं. यूटीएफ-८ या जगभरच्या लिपी साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'म' म्हणजे ई०, ए४, एई. मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्तचिन्ह, या सगळ्यांचेही तीन-तीन.

जुन्या मशीनवर 'म' होता ई० ए४ एई, म्हणजे अगदी बरोबर. पण तो ज्या रकान्यात होता त्या रकान्याची नोंद होती लॅटिन-१, म्हणजे युरोपीय अक्षरांपुरती पद्धत. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत काही सांगितलं नाही तर लॅटिन-१ हीच सवय असे, ८.० पासून ती यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) झाली. जुन्या सॉफ्टवेअरने जोडणी करताना लिपी कधी सांगितलीच नाही. त्यामुळे सर्व्हरला वाटत होतं की आपण युरोपीय अक्षरं ठेवतोय, ब्राउझर त्याच बाइटांना यूटीएफ-८ समजून मराठी दाखवत होता, आणि पंधरा वर्षं या गैरसमजावर सगळं सुरळीत चाललं. डबीवर लिहिलंय हळद, आत आहे जिरं, पण स्वयंपाक करणारी एकच असेपर्यंत काही बिघडत नाही.

नवं मशीन म्हणजे नवी स्वयंपाकीण. जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं पीएचपी ७ मध्ये काढून टाकली गेली, म्हणून सॉफ्टवेअरचा जोडणीचा भाग त्या मुलाने नव्याने लिहिला आणि त्यात यूटीएफ८एमबी४ असं रीतसर सांगितलं. झालं. सर्व्हरने लॅटिन-१ मधल्या प्रत्येक बाइटाला एक स्वतंत्र अक्षर मानून त्याचं यूटीएफ-८ केलं. एका 'म'च्या जागी तीन चिन्हं उमटली: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे एक वर्तुळ आणि चार काड्यांचं चलनचिन्ह, आणि तिसरं वेगळंच. मराठी असं बिघडलं की तो रेघवाला ए आणि पाठोपाठ चलनचिन्ह किंवा येनचं चिन्ह, अशी जोडी सारखी दिसते. कारण देवनागरीच्या पहिल्या अर्ध्या चिन्हांचे पहिले दोन बाइट ई० ए४ आणि उरलेल्यांचे ई० ए५ असतात. ही जोडी ओळखता आली की निदान अर्ध्या मिनिटात होतं.

या घडीला काहीच हरवलं नव्हतं. डेटा जसाच्या तसा होता, फक्त वाचणं चुकत होतं. पण त्या मुलाने हे पाहिलं आणि पुस्तकं व लेखक या दोन टेबलांवर 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' चालवलं. ही आज्ञा लेबल बदलत नाही, आतला मजकूरच रूपांतरित करते. तिने ती विचित्र चिन्हं कायमची कोरली. आता त्या टेबलांत 'म' म्हणजे सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असे सहा बाइट झाले होते.

सभासदांच्या टेबलाला त्याने हात लावला नव्हता, ते लॅटिन-१ राहिलं. तिथे मराठी नाव भरायला गेलं की सर्व्हर १३६६ क्रमांकाची चूक दाखवून नोंद नाकारत होता. लॅटिन-१ मध्ये 'म' बसतच नाही, तेव्हा सर्व्हरचं म्हणणं योग्यच होतं. काउंटरवर लोक ताटकळत होते, म्हणून फोनवरून सल्ला घेऊन न बसणारा डेटा नाकारणारा सर्व्हरचा काटेकोर मोड बंद केला गेला. चूक दिसायची थांबली. नावांच्या जागी ३एफ, ३एफ, ३एफ साठू लागलं. ३एफ म्हणजे प्रश्नचिन्ह.

सहा बाइटांचा 'म' परत तीन बाइटांचा करता येतो. ३एफचं काही होत नाही. मूळ अक्षर तिथे कुठल्याच रूपात उरलेलं नसतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ते या एका सेटिंगचं. सर्व्हर ओरडत होता की हे ठेवू नका, आणि आपण त्याचं तोंड बंद केलं.

पुन्हा पहिल्यापासून आणणं

दुरुस्तीचे दोन रस्ते होते. नव्या मशीनवरच दुहेरी झालेला मजकूर उलटा फिरवायचा: आधी लॅटिन-१ मध्ये, मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४. हे चालतं, आणि मूळ प्रत हाताशी नसेल तर तोच एक मार्ग उरतो. पण पुस्तकांच्या टेबलात आता तीन दिवसांच्या नीट मराठीतल्या नव्या नोंदीही मिसळल्या होत्या. त्यांच्यावर ही आज्ञा फिरली असती तर त्यांचीही प्रश्नचिन्हं झाली असती. जुनं मशीन शाबूत असताना हा धोका कशाला पत्करायचा? मी सगळं पुन्हा जुन्यावरून आणायचं ठरवलं.

डेटाबेस फाइलीत उतरवणारं मायएसक्यूएलडंप चालवताना लिपी मुद्दाम लॅटिन-१ सांगितली, म्हणजे सर्व्हर बाइटांना हात न लावता बाहेर काढतो, आणि फाइलच्या डोक्यावर लिपीची आज्ञा लिहू नये असाही पर्याय दिला. मग त्या फाइलीत टेबलांच्या व्याख्येतलं लॅटिन-१ खोडून यूटीएफ८एमबी४ केलं. भरताना जोडणीही यूटीएफ८एमबी४. आणखी एक: डंपमध्ये एका इन्सर्टमध्ये, म्हणजे भरण्याच्या एका आज्ञेत, शेकडो ओळी कोंबलेल्या असतात, एक ओळ नासकी निघाली की सगळ्या नाकारल्या जातात. तो प्रकार बंद करून एका इन्सर्टला एक ओळ ठेवली. भरायला वेळ जास्त लागला, पण कुठली ओळ अडली ते नेमकं कळलं. काटेकोर मोड अर्थातच परत चालू केला.

आणि ओळी अडल्या. थोड्याथोडक्या नाहीत, दोनशेच्या वर, सगळ्या लांब शीर्षकांच्या.

शीर्षकाचा रकाना १०० चा होता. बनवणाऱ्याच्या मनात १०० अक्षरं असणार, पण लॅटिन-१ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर, तेव्हा प्रत्यक्षात जागा होती १०० बाइटांची. 'महाराष्ट्रातील' या एका शब्दात चौदा चिन्हं आहेत, त्याचेच ४२ बाइट झाले. साधारण ३३ चिन्हांपुढचं शीर्षक पंधरा वर्षं गुपचूप कापलं जात होतं, आणि अनेकदा शेवटच्या चिन्हाच्या मधूनच सुरी फिरत होती. उरलेला अर्धा तुकडा यूटीएफ-८ म्हणून वैध नाही, म्हणून नवा सर्व्हर तो घेईना. ताई म्हणाल्या, "काही नावांच्या शेवटी काळा चौकोन यायचा, आम्हाला वाटायचं प्रिंटरचं काहीतरी आहे."

म्हणजे हे नुकसान या स्थलांतराचं नव्हतंच. स्थलांतराने ते फक्त उजेडात आणलं. माझ्या अनुभवात प्रत्येक हलवाहलवीत असं एक तरी जुनं दुखणं निघतंच, आणि ते दाबून पुढे जायचा मोह होतो, कारण आपल्याला बोलावलेलं असतं वेगळ्याच कामाला.

भरून झाल्यावर तपासणी. या वेळी नुसत्या ओळी मोजल्या नाहीत. प्रत्येक मजकुराच्या रकान्याच्या बाइटांची बेरीज आणि सीआरसी-३२ या पडताळणीच्या आकड्याची बेरीज दोन्ही मशीनवर काढली. बाइट तेच राहिले असतील तर दोन्ही आकडे तंतोतंत जुळायला हवेत, आणि अडलेल्या ओळी वगळता ते जुळले. शिवाय ताईंना कपाटातून हाताला येतील ती चाळीस पुस्तकं काढायला सांगितली आणि एकेक दाखल क्रमांक टाकून पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. आकड्यांनी पटतं, पण मराठी वाचणाऱ्या माणसाने एकदा डोळ्यांखालून घातलं की झोप शांत लागते.

परवानग्या

ग्रंथपालांच्या खोलीतलं मशीन सर्व्हरला जोडलं जात होतं, देवघेवीच्या काउंटरवरचं नव्हतं. यावर जो उपाय केलेला होता तो पाहून मी चरकले: रूट या सर्वाधिकारी खात्याला कुठल्याही मशीनवरून यायची मुभा आणि सगळे अधिकार, पासवर्ड ग्रंथालयाचंच नाव.

कारण साधं होतं. एका डेटाबेसचा डंप घेतला की वापरकर्त्यांची खाती त्यात येत नाहीत, ती मायएसक्यूएलच्या स्वतःच्या डेटाबेसात असतात. नव्या मशीनवर हाताने बनवलेलं खातं 'लोकलहोस्ट'पुरतं, म्हणजे त्याच मशीनवरून येणाऱ्यापुरतं होतं. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव आणि कुठून आलात ते ठिकाण, दोन्ही मिळून. तेच नाव दुसऱ्या मशीनवरून आलं तर तो सर्व्हरच्या लेखी वेगळाच माणूस.

काउंटरवर कुठली चूक दिसत होती ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं, 'ॲक्सेसचा प्रॉब्लेम' एवढंच सगळे सांगत होते. त्यात चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि क्रमांक त्या वेगळ्या करून देतो. ११३० म्हणजे तुमच्या मशीनसाठी दारच नाही. १०४५ म्हणजे दार आहे, पण नाव किंवा पासवर्ड पटला नाही. ११४२ म्हणजे तुम्ही आत आलात, पण या टेबलावर हे काम करायची परवानगी नाही. आणि १४४९ चं दुखणं तुमच्या खात्यात नसतंच, त्याबद्दल खाली सांगते. चौघांनाही 'सगळे अधिकार देऊन टाक' हे एकच औषध दिलं जातं. ११३० वर रूट उघडं टाकणं म्हणजे शेजाऱ्याला वाटीभर साखर हवी म्हणून घराच्या किल्ल्या देणं.

मी रूट पुन्हा लोकलहोस्टपुरतं केलं आणि काउंटरच्या मशीनवरून जोडून पाहिलं, ११३० आलं. काउंटरच्या पत्त्यासाठी वेगळं खातं बनवलं. ८.० मध्ये ग्रँट ही अधिकार द्यायची आज्ञा लिहून खातं आपोआप तयार होत नाही, आधी 'क्रिएट यूजर' लागतं. जुन्या सवयीने ग्रँटमध्येच पासवर्ड लिहिला की वाक्यरचनेची चूक येते आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. देवघेवीच्या खात्याला वाचणं, भरणं, बदलणं एवढंच, तेही लागणाऱ्या टेबलांवर. खोडण्याचा अधिकार काउंटरला कशाला हवा? पुस्तक परत आलं की नोंदीत तारीख पडते, नोंद पुसली जात नाही. अहवालांना फक्त वाचायचं खातं, बॅकअपला तिसरं. आपण नक्की कोणत्या खात्याने आत आहोत याबद्दल शंका आली की 'यूजर' आणि 'करंट यूजर' ही दोन फंक्शनं शेजारी-शेजारी चालवावीत. पहिलं आपण सांगितलेलं नाव दाखवतं, दुसरं सर्व्हरने ओळखलेलं.

आता १४४९. थकबाकीचा अहवाल एका व्ह्यूवर, म्हणजे डेटाबेसात साठवून ठेवलेल्या एका प्रश्नावर, चालायचा. व्ह्यू ज्याने बनवला त्याचं नाव त्यात कोरलेलं राहतं आणि नेहमीच्या रचनेत तो त्याच माणसाच्या अधिकारावर चालतो. हा बनवला होता कित्येक वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका सहायकाच्या खात्यातून. ते खातं नव्या मशीनवर नव्हतं, म्हणून व्ह्यू उघडेना. त्या नावाचं खातं पुन्हा बनवलं की तक्रार लगेच मिटते, पण निघून गेलेल्या माणसाच्या नावाने एक दार कायम उघडं राहतं. व्ह्यू नव्याने लिहिला आणि वापरणाऱ्याच्याच अधिकारावर चालेल असा ठेवला.

यादी रिकामी का येते

अनामत परत द्यायची तर त्या सभासदाकडे पुस्तक शिल्लक नको. तशा सभासदांची यादी हलवण्याआधी रोज निघायची, आता एकही नाव येईना. चूकही दिसत नव्हती. काकांनी भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे सगळ्यांकडेच पुस्तकं आहेत?"

क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, सांगितलं होतं: जे सभासद 'परत न आलेल्या देवघेवीं'च्या यादीत नाहीत ते दे. 'नॉट इन' वापरलेलं. त्या तीन दिवसांत एका देवघेवीची नोंद सभासद क्रमांकाशिवाय पडली होती, म्हणजे यादीत एक नल आला. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे माहीत नाही. सभासद ५१२ या यादीत नाही ना, असं विचारलं की डेटाबेस म्हणतो: बाकी सगळ्यांशी जुळत नाही, पण त्या एकाचा क्रमांक मला माहीत नाही, तो ५१२ असूही शकेल. म्हणून उत्तर 'हो' येत नाही, आणि एकाही सभासदासाठी येत नाही. एक रिकामी जागा दीड हजार नावं गिळते. ती नोंद वहीवरून दुरुस्त केली, रकान्यावर नल चालणार नाही अशी अट घातली, आणि क्वेरी 'नॉट एक्झिस्ट्स'ने लिहिली. तिला नलाची बाधा होत नाही.

वर्गवार पुस्तकांचा तक्ता उलटसुलट क्रमाने येऊ लागला होता. ग्रुप बाय, म्हणजे गट, केलं की क्रम आपसूक लागायचा, तो ८.० मध्ये लागत नाही. क्रम सांगणारं ऑर्डर बाय लिहिलं, संपलं.

शेवटचा गुंता मात्र खास आपला, मराठीचा. 'कादंबऱ्या' असा शोध घेतला की निम्मीच पुस्तकं यायची. पडद्यावर शब्द अगदी सारखे. हेक्स लावल्यावर कळलं की दोन प्रकारे टाइप झालेत. एकात अर्ध्या 'ऱ'साठी स्वतंत्र चिन्ह आहे, युनिकोडमधलं, म्हणजे सगळ्या लिपींतल्या चिन्हांच्या क्रमांकांच्या यादीतलं, ०९३१. दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडलेला, आणि त्यापुढे २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह. काउंटरवरचा कीबोर्ड एक प्रकार करतो, आतल्या खोलीतलं टायपिंगचं साधन दुसरा. शोधात वापरलेलं 'लाइक' चिन्हामागून चिन्ह ताडून बघतं, त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. 'ॲ'चं तेच, २००८ साली युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली, त्याआधीच्या सवयीने 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेल्या नोंदी अजून सापडतात. मी सगळ्या नोंदी एका लेखनावर आणल्या, आणि भरताना व शोधताना तेच रूपांतर व्हावं असं सॉफ्टवेअरमध्ये घातलं. हे जुन्या मशीनवरही होत होतं. सभासद 'नाही सापडलं' ऐकून परत जात होते आणि पुस्तक कपाटात होतं.

प्रश्नचिन्हं झालेले सभासद होते सतरा. त्यांचे छापील अर्ज फाइलला लावलेले असल्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत नावं परत भरली गेली. कापलेली शीर्षकं पूर्ण करायला दाखल नोंदवहीच कामी आली. निळ्या शाईतल्या, काही ठिकाणी बोरूने लिहिल्यासारख्या ठसठशीत अक्षरांतल्या त्या वह्या ताई वाचत होत्या, मी टाइप करत होते. दिवाळी अंकांच्या योजनेची नोंदणी ठरलेल्या दिवशी सुरू झाली. जुन्या मशीनची डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख घालून काकांनी संस्थेच्या घटनेच्या फाइलीशेजारी ठेवली आहे.

नऊ शीर्षकं अजून अर्धवट आहेत. त्या पानांवर पूर्वी कधीतरी पावसाचं पाणी गळलं होतं आणि शाई फुटली आहे. पुस्तकं वर्गणीदारांकडे आहेत. परत आली की ताई मुखपृष्ठ उलटून आतल्या पानावरचं नाव बघतात आणि मला दाखल क्रमांकासह फोटो पाठवतात. काल एक आला.